बेशुद्ध पैलवान आणि मोडलेला पाय

सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नर्स होते. नवे मोठे डॉक्टर बदलून आले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "एकदम गाडीभर जखमी आले, तर काय कराल?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "धावपळ करू, सर."

मग खोटा अपघात करून बघायचं ठरलं. जखमी कुठून आणायचे? आमच्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर मंगळवार पेठेत राहायचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी शेजारच्या तालमीतले पैलवानच आणले. कुणाच्या कपाळाला लाल औषध फासलं, कुणाचा पाय 'मोडला', एकाला 'बेशुद्ध' केलं आणि सगळ्यांना आवारात आडवं पाडलं.

घंटा वाजली. दोन वॉर्डबॉयनी पाय मोडलेल्या पैलवानाला स्ट्रेचरवर घेऊन उचललं मात्र, कापड टर्रकन फाटलं आणि गडी धपकन खाली.

"पाय मोडायचं ठरलं हुतं की वो! कंबर कशाला मोडताय?" तो ओरडला.

ते ऐकून शेजारचा बेशुद्ध पैलवान उठला आणि त्यानं गड्याला पाठंगुळी घेतलं.

"अहो, तुम्ही बेशुद्ध आहात!" मोठे डॉक्टर ओरडले.

"व्हय की, पर ह्येला उचलणार कोन?"

आत तर आणखी गंमत. मलमपट्टीच्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली खिशात घालून स्टोअरकीपर भातलावणीला शाहूवाडीला गेलेले. आता सगळ्यांची खरडपट्टी निघणार असं वाटलं, तर डॉक्टर बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "बरं झालं, आजच कळलं," म्हणाले.

आठवड्याभरात स्ट्रेचरना नवं जाड कापड शिवलं. किल्ली भिंतीवर टांगली. प्रत्येकीला जागा नेमून दिली. माझी जागा दारात. कुणाला आधी आत घ्यायचं ते मी ठरवायचं. मला धडकीच भरली.

उसाच्या हंगामात एका दुपारी फोन आला. कसबा बावड्याजवळ माणसांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली होती. चाचांनी फेऱ्यांवर फेऱ्या सुरू केल्या. मी दारात उभी. एक आजी आपलं ठेचलेलं बोट धरून आकाशपाताळ एक करत होत्या. त्यांच्या मागं एक तरुण भिंतीला टेकून गप्प बसलेला, अंगावर ओरखडाही नाही. पण चेहरा पांढराफटक, हात गार. मी त्यालाच आधी आत पाठवलं.

"आगं ए पोरी, मी आधी आलतो की!" आजी कडाडल्या.

"आजी, तुमचा आवाज खणखणीत हाय. थांबा जरा."

भोवतीचे कण्हणारेसुद्धा हसले.

त्या तरुणाच्या पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. त्याचं लगेच ऑपरेशन झालं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "वाचला." मी तिथंच पायरीवर बसले. मेट्रनबाईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला. त्या दिवशी आमच्याकडं आलेलं एकही माणूस दगावलं नाही.

तो तरुण पुढं आपल्या पायांनी चालत घरी गेला. जाताना त्याच्या आईनं गुऱ्हाळावरची काकवी आणि भाकरी अख्ख्या वॉर्डाला वाढली. मोठ्या डॉक्टरांनी उभ्याउभ्याच दोनदा मागून घेतली.