थांबलेलं जहाज

पाणबुडीवर त्याला सगळे कानसेन म्हणायचे. कानाला हेडफोन लावून पाण्यातले आवाज टिपायचे, हे त्याचं काम. जहाजाचा पंखा मिनिटाला किती फेरे मारतोय ते मोजून तो वेग सांगायचा. टॉर्पेडोचा नेम जहाजावर धरून भागत नाही. टॉर्पेडो पोचेपर्यंत जहाज जिथे असेल, तिथे धरावा लागतो. त्यामुळे कानसेनाचा आकडा चुकला की टॉर्पेडो वाया. त्याचा आकडा सहसा चुकत नसे. कॅप्टन चारचौघांत पाठ थोपटायचे आणि चोविशीतली ही स्वारी दिवसभर हवेत असायची.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी त्यांना शत्रूची दोन मालवाहू जहाजं सापडली. पहिलं एका टॉर्पेडोत फुटलं. दुसरं वेडीवाकडी वळणं घेत पळू लागलं. नेम काही केल्या जमेना. आणि अचानक पंख्याचा आवाज मंदावत मंदावत बंद पडला.

"थांबलं, साहेब."

"थांबलं? का?" पेरिस्कोपला डोळा लावूनच कॅप्टननी विचारलं. "इथे नुसता धूर दिसतोय. तुला काय ऐकू येतंय?"

कानसेनाला साखळ्यांची करकर ऐकू येत होती. मग पाण्यावर वल्ही पडल्याचा आवाज. होड्या उतरत होत्या. बुडणाऱ्यांना उचलायला ते जहाज जिवावर उदार होऊन थांबलं होतं.

निसटू पाहणारं जहाज आता टिपता येणार, या आशेनं सगळे त्याच्याकडे बघत होते.

"इंजिन बिघडलं असेल, साहेब."

थांबलेल्या जहाजाला कसलं आलंय गणित? टॉर्पेडो सरळ गेला. मग जे कानावर आलं, ते त्यानं हेडफोन न काढता शेवटपर्यंत ऐकलं.

युद्ध संपल्यावर त्यानं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. मोटार न उघडता, नुसत्या आवाजावरून दोष सांगायचा. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. बायको म्हणायची, "अहो, मोटारीचं दुखणं कळतं तुम्हाला, स्वतःचं कधी सांगाल?" पाणबुडीवरच्या दोस्तांचा दरवर्षी मेळावा भरायचा. तो एकदाही गेला नाही. शेवटी पस्तीस वर्षांनी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "कॅप्टनना जाऊन सांगा. ते आहेत तोवर."

कॅप्टनच्या सुनेनं दार उघडलं. म्हातारा खिडकीपाशी पायांवर शाल घेऊन बसला होता.

"साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो. ते जहाज माणसं वाचवायला थांबलं होतं."

"ठाऊक आहे मला," कॅप्टन म्हणाले. "धूर काही इतका दाट नव्हता."

"मग मला कशाला विचारलंत?"

"तू तरी मला अडवशील म्हणून." म्हातारा शालीचा काठ चाचपत राहिला. "तुझा शब्द मी कधी मोडला होता का रे?"

घरी आल्यावर बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. "काय म्हणाले?"

"त्यांना आधीच माहीत होतं."

"मग तुमच्या एकट्याच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरलं."

"उतरलं कुठलं?" पेला तसाच हातात धरून तो म्हणाला. "इतकी वर्षं वाटायचं, मी खरं बोललो असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं."