अक्काची आली-गेली

फोन समोरच्या माणसाच्या हातात दिला की अक्का आपले दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवायची आणि त्याच्या अंगठ्याकडं बघत उभी राहायची. तो माणूस अडला, चुकला, भलतीच कळ दाबून बसला, तरी तिचे हात पुढं यायचे नाहीत. मी शेजारी असलो तर माझा हात शिवशिवायचा. "असं नाही, असं दाबा," म्हणत मी पुढं झालो की ती माझी बाही धरून मला मागं ओढायची आणि हळूच म्हणायची, "अंगठा बघा हो. तोंड खोटं बोलतंय, अंगठा न्हाय."

वयानं ती माझ्याहून चांगली लहान. पण गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी, बापाच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकं सांभाळत वाढलेली. त्यामुळं आल्या आठवड्यातच ती ऑफिसात सगळ्यांची अक्का झाली. तोंडावर मीही 'अहो अक्का' म्हणायचो. मनात मात्र एकेरी. आता लिहितानाही एकेरीच येतंय, ते तसंच राहू दे. जळणाऱ्या माणसानं निदान व्याकरण तरी खरं ठेवावं.

कारण मी तिच्यावर जळायचो. उगाच 'थोडी असूया वाटायची' वगैरे म्हणत नाही. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याचं कौतुक कानावर पडलं की घोटभर चहा कडू लागतो. माझ्या आयुष्यातलं ते माणूस म्हणजे अक्का.

कोल्हापुरात, शाहूपुरीत मशिनरीच्या सुट्या भागांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. नव्वदच्या दशकात आम्ही कारखान्यांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून द्यायचो. मी पुण्याला शिकून, तिथं नोकरी करून परत आलेला. अक्का इथल्याच कॉलेजातून शिकलेली, प्रोग्रॅम माझ्याइतकेच चांगले लिहिणारी, आणि ते तिला पक्कं ठाऊक असलेलं. गरीब बिचारी वगैरे अजिबात नव्हती. मालकांच्या देखत माझ्या प्रोग्रॅमला अक्कल नाही म्हणून सांगायची आणि दुपारी माझ्याच डब्यातली चटणी वाढून घ्यायची.

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये माझा एक प्रोग्रॅम चालू होता. तिथला स्टोअरकीपर दर वेळी मला "एक नंबर चाललंय" म्हणून सांगायचा आणि मी खूश होऊन परत यायचो. एकदा अक्का बरोबर आली आणि हात मागं बांधून त्याच्या पाठीशी उभी राहिली. त्यानं एक आकडा चुकीचा टाकला. लगेच पडद्यावर माझं कडक इंग्रजी वाक्य आलं, नोंद अवैध आहे, काम रद्द करू का, अशा अर्थाचं. गडी शांतपणे उठला, हात पुसले, चपला सरकवल्या आणि मशीन बिघडलं म्हणून मॅनेजरांना सांगायला निघाला. आकडा चुकला की तो दर वेळी हेच करत होता. मॅनेजर येऊन कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचे आणि दोघांना वाटायचं, दुरुस्ती झाली.

ऑफिसात आल्यावर अक्कानं माझं वाक्य काढून टाकलं. तेव्हाच्या मशीनवर मराठी लिहिणं सोपं नव्हतं, म्हणून तिनं इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहिलं, की आकडा चुकला वाटतं, परत टाका, काय होत न्हाय. एवढाच बदल. माझी सगळी आकडेमोड, सगळी मेहनत तशीच आत होती. पण पुढच्या खेपेला स्टोअरकीपरनं तिच्यासाठी घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणून ठेवल्या. मी एकटा गेलो की दारातच विचारायचा, "पावणं, अक्का न्हाय आल्या व्हय?"

हे 'पावणं' मला फार लागायचं. मी याच गावात जन्मलेला, त्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं जाणारा, तरी पावणं. आणि ती कुठून सीमेवरून आलेली, ती अक्का.

पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि त्यात छोटे प्रोग्रॅम घालता यायला लागले. त्याच सुमारास लोडशेडिंगनं लोकांना नको जीव केला होता. लाईट कधी जाणार आणि कधी येणार, यावर कारखान्यांच्या पाळ्या, शेतातले पंप आणि घरातली पाण्याची मोटर चालायची. छापलेलं वेळापत्रक असायचं, पण त्यावर भरवसा ठेवून कुणी अंघोळीचं पाणी काढलं नसेल. मालकांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, लाईटीचा एकेक प्रोग्रॅम करा, गिऱ्हाइकांना दोन्ही देऊ, लोक ज्याचा ठेवतील त्याच्याकडं मोबाईलचं सगळं काम.

मोबाईलचं काम म्हणजे पुढची सगळी वर्षं, हे मला स्पष्ट दिसत होतं. ते मला हवं होतं. पण खरं सांगू का, त्याहून जास्त हवं होतं ते हे, की एकदा तरी लोकांनी माझं उचलून धरावं आणि ते अक्कानं बघावं.

मी जीव ओतला. प्रत्येक भागाचं वेळापत्रक, आजचं, आठवड्याचं, रंगीत पट्ट्या, लाईट जायच्या आधी वाजणारा गजर. उघडताना आमच्या कंपनीचं नाव गरगर फिरत यायचं, त्यावर तर मी आठवडाभर बसलो होतो. अक्कानं ते बघितलं, बराच वेळ खालीवर केलं आणि म्हणाली, "दुकान लई मोठं मांडलंय तुमी. दार कुठनं हाय?"

तिचा प्रोग्रॅम म्हणजे एक पडदा. वर एक ओळ, तुमच्या भागात लाईट पुढं कधी येणार किंवा जाणार. खाली दोन शब्द, 'आली' आणि 'गेली'. बऱ्याच फोनमध्ये मराठी अक्षरं उमटायची नाहीत, म्हणून तिनं ते दोन शब्द चित्रासारखे काढून घातले होते, मोठे आणि ठसठशीत. तुमच्याकडं लाईट गेली की तुम्ही 'गेली' दाबायचं. ते मेसेज होऊन आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यायचं आणि तुमच्याच भागातल्या बाकीच्यांच्या फोनवर दिसायचं. आली की 'आली'.

मी हसलो. म्हटलं, मेसेजला पैसे पडतात, लाईट गेली हे दुसऱ्याला कळवायला पदरचे पैसे कोण घालवणार आहे? लोकांना वेळ हवी आहे, ती सांगा की.

"वेळ कुणीबी सांगंल हो," अक्का म्हणाली. "माणसाला सोताला सांगायचं असतंय."

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर पुढचं सांगायला नको. लाईट गेली की आमच्याकडं अख्खी गल्ली 'गेलीऽऽ' म्हणून ओरडते आणि आली की 'आलीऽऽ'. सगळ्यांना दिसत असतं, तरी ओरडतात. कुणी आधी ओरडलं यावरून पैजा लागतात. ते ओरडण्याचं सुख अक्कानं उचलून एका कळीवर आणून ठेवलं होतं. मला ते सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचा राग मी तिच्यावर काढला. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिला पत्ताही लागला नाही.

त्या वेळच्या फोनमध्ये जागा ती केवढी. आमचे दोन्ही प्रोग्रॅम घातले की एखादं गाणं बाहेर जायचं. त्यामुळं लोक एक ठेवायचे आणि एक पुसायचे. जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान असलेले एक गृहस्थ मला "तुमचंबी झकास हाय" म्हणाले आणि बोलता बोलता माझ्यासमोरच माझा प्रोग्रॅम पुसून मोकळे झाले. चहाही पाजला. शिरोलीत, शाहूपुरीत, जिथं जाईन तिथं हीच तऱ्हा. दुपारी लाईट गेली की ऑफिसातल्या पडद्यावर 'गेली'ची अशी रांग लागायची की मालक खुर्ची ओढून बघत बसायचे.

एक फोन मात्र मी माझा धरून चाललो होतो. माझे वडील, म्हणजे आबा, मंगळवार पेठेत पिठाची गिरण चालवायचे. लोडशेडिंगनं सगळ्यांत जास्त गांजलेला धंदा तोच. मी लग्नानंतर राजारामपुरीत राहायला गेलो होतो, पण आबांच्या फोनमध्ये माझा प्रोग्रॅम मी स्वतः घालून दिला होता. "लई भारी हाय," असं ते म्हणालेही होते.

एका रविवारी गिरणीत गेलो. आबा जोंधळा दळत होते. त्यांचा फोन फळीवर पडला होता, सहज उघडला, तर आत 'आली' आणि 'गेली'. माझा प्रोग्रॅम नव्हता. नातीचा फोटो होता, भजनं होती, ती राहिली होती. मी विचारलं, तर आबा पीठ चाळत म्हणाले, जागा न्हवती.

हे कुणी घालून दिलं, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की अक्का गेले काही महिने संध्याकाळी आमच्या गिरणीत येऊन बसत होती. उपड्या डब्यावर बसायची, येणाऱ्या बायकांशी बोलायची, आबा फोन कसा धरतात ते बघायची. पिठाच्या बोटांनी बारीक काही दाबता येत नाही, म्हणून तिची अक्षरं एवढी मोठी होती. आणि ती 'आली'ची कळसुद्धा आमच्याच गिरणीतून निघाली होती. पूर्वी लाईट आली की आबा दारात येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं 'आलीऽऽ' ओरडायचे आणि बायका डबे घेऊन निघायच्या. त्या आरोळीवर मी लहानाचा मोठा झालो. पिठानं आबांचा घसा आता बसला होता, आरोळी बंद पडली होती. हे त्यांनी अक्काला सांगितलं होतं. मला नाही.

"आता बोट दाबलं की समद्यास्नी कळतंय," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पोरगी गुणाची हाय. ऐकून घेती."

लोकांनी माझा प्रोग्रॅम पुसला तेव्हा मी चिडलो होतो. त्या दिवशी मात्र मला रडू यायचं बाकी राहिलं. गिऱ्हाइकं तिची झाली, ते चालून गेलं. बाप तरी माझा होता. सोमवारी मी तिला घुश्शातच विचारलं, आमच्या गिरणीत जायचं काय कारण होतं. ती गोंधळली. माझी गिरण म्हणून ती गेलीच नव्हती. वाटेवर होती, म्हणून गेली होती. मग म्हणाली, "तुमचे आबा लई बोलत्यात हो. तुमास्नी कंटाळा येत आसंल न्हवं रोज ऐकून?"

आबा माझ्याशी पाच वाक्यांच्या वर कधी बोललेले मला आठवत नव्हते.

अक्का फार दिवस राहिली नाही. तिचं काम कुणीतरी बघितलं आणि तिला बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीत बोलावणं आलं. कानडी, मराठी, इंग्रजी सगळंच येणारी, ती अडणार कशाला. शेवटच्या दिवशी तिनं माझ्या डब्यातली चटणी संपवली, "बरतीनि" म्हणाली, म्हणजे 'येते', आणि जिना उतरून गेली. मोबाईलचं सगळं काम माझ्याकडं आलं. हवं होतं ते मिळालं म्हणायचं तर म्हणा. कामात तिचाच प्रोग्रॅम होता. ती गेल्याचं गिऱ्हाइकांना सांगायचं नाही, घरीही नाही, अशी मालकांची ताकीद होती. लोक अक्काच्या भरवशावर तो फोनमध्ये ठेवतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

त्या कामात एक भानगड होती. ज्यानं ज्यानं 'आली' किंवा 'गेली' पाठवलं, त्याला अक्का स्वतः 'बरं' एवढं उत्तर टाकायची. मशीनकडून आपोआप पाठवता आलं असतं, मी तसं सुचवलंही होतं. पण मशीननं पाठवलेलं माणसाला कळतं, असं तिचं मत. आता ते 'बरं' माझ्या गळ्यात पडलं. शिव्या देत देत मी ते पाठवत राहिलो.

हळूहळू शहरातलं लोडशेडिंग कमी झालं, मंगळवार पेठेतलं तर थांबलंच. पडद्यावरची रांग आटली. एक नंबर मात्र रोज सकाळी न चुकता यायचा, 'आली'. तो आबांचा. त्यांच्याकडं लाईट गेलेलीच नसायची.

एकदा त्यांच्याकडं जेवायला बसलो असताना मी विषय काढला. म्हटलं, आबा, लाईट जात नाही आता, मग रोज 'आली' कशाला दाबताय, फुकट पैसे जातात.

आबांनी घास गिळला. "अक्काला कळाय नको व्हय, म्हातारा उठलाय, गिरण उघडलीया म्हणून? काळजी करती ती. रोज 'बरं' म्हणती."

मी भाकरी मोडली. म्हटलं, हो, म्हणते ती.

"एक दिवस चुकवत न्हाय बघ," आबा म्हणाले. "अशी चौकशी घरची माणसंबी करत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा आबांचं 'आली' येऊन पडलं होतं. मी अक्काच्या नावानं 'बरं' पाठवलं आणि तिच्यावर मनापासून जळलो.