पुढची तिमाही: चीज शून्य

माझी वहिनी सरकारी कचेरीत देशभरातल्या लोण्याचा, चीजचा, दूध पावडरीचा हिशेब करायची. दर महिन्याला प्रत्येक कारखाना किती माल काढला ते कळवायचा, शिवाय पुढच्या तिमाहीत किती काढणार तेही. वहिनी बेरजा मारायची आणि ठरल्या दिवशी देशाचा आकडा जाहीर व्हायचा. एकट्या कारखान्याचा आकडा मात्र कुणालाही सांगायचा नाही, अशी तिने सही करून शपथ घेतली होती. आमच्या घरात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. वहिनी तेवढी अपवाद, आणि आईला त्याचं कोण कौतुक.

दादा चीजच्या कारखान्यात होता. गरम हौदातलं चीजसाठी विरजलेलं घट्ट दूध कापून कापून त्याचे हात कोपरापर्यंत पांढरेफटक पडायचे. त्या वर्षी त्याला दुसऱ्या डेअरीतून फोरमन म्हणून बोलावणं आलं. जेवताना त्याने बायकोला विचारलं, "काय करू गं? इथे जुना आहे, चार माणसं ऐकतात. जाऊ की राहू?"

त्याच्या कारखान्याचा कागद आठवड्यापूर्वीच तिच्या टेबलावर येऊन गेला होता. पुढची तिमाही, चीज शून्य. मालकाने कामगारांना ताकास तूर लागू दिली नव्हती.

"तुमचं तुम्ही ठरवा," वहिनी म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

दादाने डेअरीला नकार कळवला. पुढे कारखान्याला टाळं लागलं, तोवर डेअरीतली जागाही भरली होती. मोठ्या कारखान्यांनी जादा माल काढल्यामुळे देशाचं चीज मात्र त्या महिन्यात वाढलं. 'वाढ समाधानकारक' हे वाक्य वहिनीनेच लिहिलं. मला तिचा अजूनही संताप येतो. नियमाचं मला सांगू नका. "जा की" एवढं म्हणायला कुठला आकडा फोडावा लागतो?

गप्प बसणं तिला जमायचं, खोटं बोलणं नाही. दादाने एकदा सरळच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मी तुला विचारलं होतं."

"दुसऱ्या कुणाचा नवरा असता तरी मी हेच केलं असतं."

"तेच तर," दादा म्हणाला. "दुसऱ्या कुणाचाच समजलीस मला."

त्यानंतर त्याने तिला काही विचारलं नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतो.