निरगुडीचा पाला

डोंगरकड्याच्या अलीकडे आमचं गाव. गावातल्या अंगणवाडीत मी सेविका आहे. घरी मी, माझा नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नवऱ्याचं वारंग्याच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. सकाळी आठला जातो तो अंधार पडल्यावरच येतो.

आत्याबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण त्या तयार नव्हत्या. त्यांचा भरवसा निरगुडीवर. पाला उकळायचा, त्या पाण्यात फडकं बुडवून पिळायचं आणि गुडघ्यांवर शेक द्यायचा. शेकल्यावर तव्यावर गरम केलेली पानं एरंडाचं तेल लावून बांधायची. हे रोज संध्याकाळी. पाला ताजाच हवा, कालचा चालायचा नाही.

निरगुडी होती ओढ्याच्या काठाला, हळदीच्या रानापलीकडे. झाड कसलं, डोक्याइतकं उंच झुडूप. एका देठाला पाच-पाच पानं, खालून पांढुरकी. पावसाळ्यात शेंड्यांना बारीक निळसर फुलांचे तुरे यायचे. वास एवढा उग्र, की बकऱ्यासुद्धा तोंड लावत नसत. म्हणूनच ती तिथं टिकली असावी. लग्न होऊन आले तेव्हा मला तो वास आवडायचा. नंतर नंतर तो हातांनाच चिकटून बसला. जेवताना घासाला यायचा, निजताना उशीला यायचा.

यंदा भादव्यात अंगणवाडीत वजनं घ्यायचं काम निघालं. प्रत्येक लेकराचं वजन, उंची, फोटो, सगळं मोबाइलात भरायचं. रेंज मिळायची ती फक्त देवळाच्या पायऱ्यांवर. त्या दिवशी सहा वाजेपर्यंत मी पायऱ्यांवरच बसून होते. ओढ्याकडं जायची वाट चिखलानं भरलेली. मी तशीच सरळ घरी आले.

"पाला न्हाई आणलास?" आत्याबाईंनी विचारलं.

"झाडच न्हाई ऱ्हायलं, आत्याबाई. जेसीबीनं काढलं."

"काहून?"

"रस्ता रुंद करून राहिलेत ना."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मलाच कळलं नाही. त्यांनी लुगडं गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "जुनं व्हतं गं ते. माझ्या सासूलाबी तिथलाच पाला आणायची मी."

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी अंगणवाडीतून थेट घरी येत होते. चहा करून अर्धा तास भिंतीला टेकून बसायचे. काहीच करायचे नाही. आत्याबाई नुसतं तेल चोळून घ्यायच्या. उठताना खाटेचा पाय धरायच्या, पण कण्हायच्या नाहीत. त्या कण्हल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका दुपारी शेजारची काकू दारात टेकली. तिची सून बाळंत झालेली. काकूच्या काखेत अंघोळीच्या पाण्यासाठी निरगुडीचा मोठा भारा होता, निळ्या तुऱ्यांनी गच्च भरलेला.

"कुठून आणलीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"कुठून म्हंजे? ओढ्यावरून. यंदा काय फुललीय, बाई!"

मी चुलीपाशी शेंगा निवडत होते. मान वर केली नाही. काकू उठून गेली. जाताना चार फांद्या खाटेवर ठेवून गेली.

त्यातली एक फांदी उचलून आत्याबाई म्हणाल्या, "थकले म्हनायचं व्हतंस."

"म्हनले असते तर चाललं असतं का?"

त्यांनी यावर विचार केला. खरंच केला, कारण उत्तर यायला वेळ लागला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "बोलले असते मी काहीबाही."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर हलकं वाटलं असतं. मी उठले, त्या चार फांद्यांची पानं ओरबाडली आणि पाणी ठेवलं. फडकं पिळून शेक द्यायला बसले. त्यांच्या गुडघ्यांना चांगलीच सूज होती. एवढी सूज मी इतके दिवस पाहिली नव्हती, की पाहायचं टाळलं होतं, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगायचं की, मी आणला असता." दोन रविवार त्यानं पाला आणलाही. तिसऱ्या रविवारी फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती.

आता आठवड्यातून दोनदा पाला आणते, मंगळवारी आणि शनिवारी. हे आत्याबाईंनीच ठरवलं. मधल्या दिवशी नुसतं तेल. ऑपरेशनचं विचारलं की त्या आता नाही म्हणत नाहीत, "दिवाळी होऊ दे" म्हणतात. सुट्टी मिळेल का, दवाखान्यात त्यांच्याजवळ कोण राहील, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. राहणार मीच आहे.