बाबांच्या नाकाचा बादशहा

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि रोमन नाणी जमवायचो. बंदरावर याची यथेच्छ टिंगल व्हायची. "भंगारच हवा तर आमच्याकडचा ने," म्हणायचे. म्हणोत बापडे. मला त्या चांदीतली मारामारी आवडायची. दोन ठशांमध्ये चकती धरून वर घण घातला की बादशहा उमटायचा. जहाजातून तो आपल्या किनाऱ्यावर आला की चांदी अस्सल आहे का हे बघायला इथे कुणीतरी त्याच्या तोंडावर छिन्नी मारायचं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पावतीनिशी घेतलेली अशी सात नाणी माझ्याकडे होती. त्यातल्या सगळ्यांत लाडक्याच्या गालावर हा एवढा वार होता.

त्या बादशहाचं नाक हुबेहूब आमच्या बाबांचं. पोपटासारखं वाकलेलं, आणि खाली आवळलेले ओठ. बाबा बोटीवर तांडेल होते, खलाशांना हाकायचे. घरी आले की तोच आवाज आणि तोच ओला दोर. मी उलट बोलायचो म्हणून मार मला बसायचा. दादा मध्ये पडायचा आणि माझ्या वाटणीचे फटके स्वतः खायचा. नाणं घरी आणलं त्या दिवशी मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे बघ, बाबा आले," म्हटलं. दोघंही पोट धरून हसलो.

बाबा गेल्यावर वर्षाने त्यांचा टाक करायचं ठरलं. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. गेलेल्या माणसाला आमच्यात असं देव्हाऱ्यात बसवतात. मी घरात सांगून टाकलं, मला त्यातलं काही विचारू नका. दादाने विचारलं नाही.

मग एका दुपारी बंदरावरून मांडवीला घरी आलो तर कपाटातला नाण्यांचा डबा उघडा, आणि लाडक्या नाण्याची पुडी रिकामी. वहिनी म्हणाली, तुमचे दादा टाक आणायला सोनाराकडे गेलेत. मी गाडीला किक मारली. सोनाराने माझं ऐकून कपाळाला हात लावला. नाणं कालच आटवलं होतं, त्याचा पत्रा झाला होता, त्यावर बाबा उठले होते. दादा नुकताच टाक घेऊन गेला होता.

घरी परतलो तर दादा अंगणातच सापडला. हातात लाल फडकं, फडक्यात टाक. मी एक शब्द विचारला नाही. कानाखाली अशी वाजवली की तो जांभ्याच्या पायरीवर आदळला. उठायला लागला, पुन्हा हाणली. मग छातीवर बसलो. त्याच्या कानातून रक्त येत होतं, मला ते दिसत होतं, आणि तरी मी मारत होतो. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा बरं वाटत होतं. वहिनी माझे केस धरून मला मागे ओढत होती. दादा जाळी ओढणारा दणकट माणूस. मनात आणलं असतं तर मला कुंपणापलीकडे भिरकावलं असतं. त्याने हात उचलला नाही. फडकं मात्र मुठीत घट्ट धरलं होतं.

"घरचीच चांदी लागते रे," तो रक्त थुंकत म्हणाला. "आणि तूच बोललास ना, हे बाबा म्हणून. मला वाटला, तुला पण ते घरात हवेत."

माझा उगारलेला हात तिथेच राहिला. बाबांचाही क्षणभर अगदी असाच राहायचा, दादा मध्ये आला की.

कानाचा पडदा फाटला होता. दादाने डॉक्टरांना सांगितलं, पायरीवरून घसरलो. डाव्या कानाने त्याला आता काहीच ऐकू येत नाही. बोटीवर त्या बाजूने कुणी ओरडलं तर त्याला कळत नाही, म्हणून तो दर्यावर असला की माझा जीव टांगणीला लागतो. उरलेली सहा नाणी डब्यात आहेत. डबा मी उघडत नाही.

सणावाराला टाक घासायचं काम दादाने माझ्याकडे दिलंय. छिन्नीचा वार त्यावर कुठेच नाही, नाकही चारचौघांसारखं. परवा गणपतीच्या आधी राखेने घासत होतो. काय झालं कुणास ठाऊक, अंगठा जोरात चालायला लागला, पत्रा वाकायला आला. दादा माझ्या डावीकडे बसला होता. मी नेहमी त्याच्या उजव्या कानाशीच बसतो. त्याने माझं मनगट धरलं.

"हळू रे," म्हणाला. "लागल त्यांना."