एकाच पासवर्डचे पंप

तो माणूस आमच्या चिकलठाण्याच्या ऑफिसात आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. वैजापूरकडच्या एका गावात तो पाणी सोडायचं काम करायचा. मेंढरं विकल्यानंतर ग्रामपंचायतीनं त्याला ते काम दिलं होतं. विहिरीवरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी आमच्या छोट्या कंपनीनं बसवलेली, आणि तिची जबाबदारी माझ्याकडे होती.

पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी, विहिरीला पाणी नसताना, तो पंप चालू झाला आणि मोटर जळाली. गाव चार दिवस पाण्यावाचून राहिलं. सरपंचांनी विचारलं तेव्हा मी नोंद बघून कळवलं होतं, ‘बरोबर पासवर्ड देऊन पंप चालू केलेला आहे.’ गावात तो पासवर्ड एकाच मोबाईलमध्ये होता, याच्या. त्याला कामावरून काढलं.

“ताई, त्या दिवशी मोबाईल माझ्यापाशी नव्हताच,” असं म्हणत त्यानं खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी काढली. वैजापूरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाची होती. आदल्या दिवशी दिला, नंतरच्या दिवशी नेला.

“पासवर्ड दुसऱ्या कुणाला सांगितला होता का, मामा?”

“मलाच म्हाईत नाय तर सांगू कुणाला? तुम्हीच मोबाईलात भरून दिलता.”

खरं होतं. पासवर्ड मीच भरला होता, आणि सगळ्या गावांच्या पेट्यांना तोच भरला होता. काम सोपं जातं म्हणून.

त्याला चहा देऊन मी लॅपटॉप उघडला. त्याच्या पेटीच्या नंबरावर ‘चालू आहेस का’ एवढंच विचारणारा संदेश पाठवला. उत्तरं दोन आली. एक त्याच्या गावाहून, दुसरं वेरूळजवळच्या एका गावाहून. महिन्यापूर्वी त्याची पेटी बदलताना मी घाईत वेरूळकडच्या पेटीची सगळी माहिती जशीच्या तशी उतरवली होती आणि नंबर बदलायचा राहिला होता. तिकडच्या माणसानं आपला पंप चालू केला की इकडचाही चालू व्हायचा, आणि पासवर्ड एकच असल्यानं नोंदीत ‘बरोबर’ दिसायचं; विहिरीत पाणी होतं तोवर ते खपून गेलं. इकडून चालू केला की तिकडचाही व्हायचा, म्हणून तिकडंही टाकी अधूनमधून उगाच वाहत होती, पण लोक ‘लायटीचा खेळ’ म्हणून सोडून देत.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मला सांगून काय उपेग? गावात येऊन सांगा. आमची मंडळी पंधरा दिस झाले, पाण्याला बी चारचौघींत जात नाय.”

मी गेले. ग्रामसभेत उभी राहून सगळं सांगितलं. सरपंचांनी त्याला पुन्हा कामावर घेतल्याचं जाहीर केलं. मागून एक बाई म्हणाली, “आन् त्याला जे बोलले, ते?”

त्यानंतर तीन महिने आम्ही गावोगावच्या पेट्या बदलत फिरलो. आता प्रत्येक पेटीला आणि प्रत्येक मोबाईलला स्वतःचं वेगळं डिजिटल प्रमाणपत्र आहे, म्हणजे त्याचं ओळखपत्रच. आमच्या सर्व्हरनं सही केलेलं. ते वापरायला लागणारी गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, त्या यंत्राच्या आतच तयार होते, बाहेर येत नाही, म्हणून दुसरीकडे उतरवताही येत नाही. मोबाईल हरवला तर तेवढंच प्रमाणपत्र रद्द करायचं. दरवर्षी मुदत संपण्याआधी नवं द्यावं लागतं. एका गावाची तारीख माझ्या नजरेतून सुटली, पंप बंद राहिला, आणि तिथल्या बायकांनी फोनवर मला चांगलंच झापलं. ते मी ऐकून घेतलं.

मामांना हे समजावताना मी ‘सनद’ म्हणाले. ते लगेच म्हणाले, “शिक्का मारल्याली व्हय? मंग ठीक.”

गेल्या महिन्यात सकाळी त्यांचा फोन आला.

“ताई, पोरीनं नवा मोबाईल दिला. पण पंप ऐकंना. ‘ओळख पटली नाही’ म्हणतोय.”

“नव्या मोबाईलला नवं प्रमाणपत्र लागेल, मामा. लगेच पाठवते.”

“पाठवा, घाई नाय, टाकी भरल्याली हाय,” ते म्हणाले आणि हसायलाच लागले. “मला बी नाय म्हणतोय बगा! लई झ्याक.”