गिऱ्हाईक नसलेला शेअर

माझा लखन शेळ्या पाळतो आणि त्या धंद्यात तो हुशार आहे, हे आधीच सांगते. पुढे त्याची जी अब्रू जाणार आहे, ती त्यामुळे थोडी तरी सावरेल. नांदूरघाटच्या बाजारात तो एका वेळी दोनच बोकड नेतो. म्हणतो, "सगळा कळप उभा केला की व्यापाऱ्याला कळतं, याला नड हाय. मग पडलाच भाव."

वर्षभर असे दोन-दोन करून विकलेल्या बोकडांचे पैसे धनश्रीच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवले होते. प्रवेशाला अवकाश होता. पैसे नुसते पडून राहतात हे लखनला बघवेना. त्याने मोबाइलवर सूतगिरणीचा कुठलासा शेअर शोधला. दिवसभरात त्याचे सौदे इतके थोडे, की आमच्या गल्लीतल्या दुकानात गोळ्या-बिस्किटं जास्त खपत असतील.

"अरे, सगळे एकातच? थोडे मागे ठेव," मी म्हटलं.

"आई, तू बी.ए. हायस, पण मराठी घेऊन."

तो घेत गेला तसा भाव चढत गेला. "बघ, लई पळतोय!" घेणारा हा एकटाच. आपणच बोली वाढवायची आणि बाजार तापला म्हणून आपणच खूश व्हायचं!

प्रवेशयादीत धनश्रीचं नाव लागलं, तेव्हा याने एका सकाळी सगळे शेअर विकायला काढले. भाव घसरला. एका दिवसात भाव किती पडू द्यायचा याची मर्यादा आली म्हणून थांबला, नाहीतर विहिरीच्या तळालाच जाता. घेणारा एकही नाही.

"दादा, तुझ्या कळपाला गिऱ्हाईक कावून येईना रे?" धनश्रीने विचारलं.

"गप बस."

मग तो रोज थोडे थोडे विकू लागला. थोडे खपलेही. पण फीची शेवटची तारीख काही थोडी थोडी येत नाही. अखेर त्याने मोटरसायकल विकायला काढली. मोबाइलवर फोटो टाकताच तिघं दारात. त्यांची आपसात चढाओढ लावून पठ्ठ्याने भावही वाढवून घेतला. फी भरली. धनश्री अंबाजोगाईला गेली.

काल विचारलं, "उरलेल्या शेअरचं काय?"

"भाव चांगला हाय, आई. फक्त घेणारा न्हाई."

दुसऱ्या वर्षाच्या फीचे बोकड वाढताहेत. बाजारात तोच नेईल. पैसे मात्र त्याच संध्याकाळी माझ्या हातात येतील, असं मी त्याच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं आहे. तरी झोप येत नाही.